शिंगराला पाय देण्याची सवय कशी लावावी?

(पशुपालक व मेंढपाळांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेंढ्यांचे रोग, लसीकरण आणि चारा यांवर तज्ज्ञ मंडळी आपल्याशी सकाळपासून बोलली आहेत. माझा विषय त्या मानाने लहान आहे. घोडीच्या शिंगराने न भिता पाय उचलून द्यावा म्हणून त्याला कसे शिकवावे, एवढेच मी सांगणार आहे.

आपण म्हणाल, हा कृषिविद्येचा अध्यापक, याचे काम पिकाचे आणि मातीचे. हा घोड्याच्या पायाशी कशाला आला? त्याचे कारण असे. दसरा-दिवाळी उलटली की माणदेश, फलटण, बारामती या कमी पावसाच्या भागांतले वाडे घाट उतरून कोकणात जातात. भात निघालेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात. त्यांच्या लेंडीखताचा आणि मुताचा लाभ पुढच्या भाताला मिळतो. आम्ही या खताचे महत्त्व वर्गात शिकवतो. पण ते खत ज्या वाड्याबरोबर शेतात चालत येते, त्या वाड्याचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असते. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, जाळी, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, कधी घरातले लहान मूलसुद्धा. घोडी लंगडली की वाडा अडतो. म्हणून घोड्याचा पाय हा माझ्याही विषयाबाहेरचा नाही.

दुसरे कारणही आहे. देशात घोडे आणि तट्टे झपाट्याने कमी होत आहेत. २०१२ च्या पशुगणनेत त्यांची संख्या सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. घोडे कमी झाले तसे नालबंदही कमी झाले. पूर्वी बाजाराच्या गावी हमखास भेटणारा नालबंद आता शोधत फिरावे लागते. तेव्हा खुराची निगा आपल्यालाच राखायची आहे, आणि पाय हातात आल्याशिवाय ती राखता येत नाही. इथेच घोडे पेंड खाते.

पाय हाती येणे का गरजेचे?

खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी असते. ती महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढते. मऊ जमिनीवर बांधून असलेल्या घोड्याचे खूर पुढे लांबतात, कडा फुटतात आणि चालताना सांध्यावर ताण येतो. खडी-डांबराच्या रस्त्यावर उलट होते; खूर झिजून तळवा उघडा पडतो. दोन्ही प्रकारांत दर ६ ते ८ आठवड्यांनी खूर पाहून गरजेप्रमाणे तासावे लागतात. नाल मारली असली तरी तेवढ्याच मुदतीत ती काढून, खूर बेतून पुन्हा बसवावी लागते.

शिंगराच्या बाबतीत तर घाई अधिक आहे. जन्मतः पुष्कळ शिंगरांचे पाय थोडे आत किंवा बाहेर वळलेले असतात. बहुतेक आपोआप सुधारतात. पण जे सुधारत नाहीत, त्यांचे खूर योग्य तऱ्हेने तासून पाय मार्गावर आणता येतात. यासाठी मिळणारा काळ फार थोडा असतो. खुराच्या वरच्या सांध्याजवळची हाडाची वाढ पहिल्या ३ महिन्यांत बहुतांशी उरकते. त्या वयात शिंगरू पायाला हात लावू देत नसेल, तर तो काळ हातचा जातो आणि वाकडा पाय जन्मभराचा होतो.

एका वाड्यावर पाहिलेली हकिगत सांगतो. तेथील घोडी अंगाने चांगली, ओझ्याला खंबीर, पण मागचा पाय कधी कोणाला दिला नाही. नाल मारायची तर नाकाला फास, पायाला दोर आणि चार गडी. त्यामुळे जे काम दोन महिन्यांनी व्हावे, ते वर्षातून एखाद्या वेळी व्हायचे. एका मुक्कामी ती लंगडू लागली. मी मालकांना विचारले, “काका, खूर पाहिला का?” ते म्हणाले, “हातात पायच देत नाही, तर बघायचा कसा?” अखेर पशुवैद्यकांनी गुंगीचे इंजेक्शन देऊन पाय पाहिला. टोकदार खडा तळव्यात रुतून आत पू झाला होता. पहिल्या दिवशी आकडीच्या एका फटकाऱ्याने निघाला असता असा तो खडा! घोडी वाचली, पण ओझ्याची राहिली नाही. पुढे ती मिळेल त्या किमतीला गेली, आणि तो मोसम त्या कुटुंबातल्या बायकांनी अर्धे बिऱ्हाड डोक्यावर वाहिले.

घोडा पाय का देत नाही?

आपण म्हणतो, घोडे हट्टी आहे, द्वाड आहे. पण त्याच्या बाजूने विचार करून पाहा. बैलाला शिंगे आहेत, कुत्र्याला दात आहेत. घोड्याचा खरा बचाव म्हणजे पळणे. जन्मल्यापासून तास-दोन तासांत शिंगरू उभे राहते ते याचसाठी. अशा जनावराचा पाय धरणे म्हणजे त्याची सुटकेची वाट बंद करणे. शिवाय एक पाय उचलला की सारे वजन उरलेल्या तिघांवर येते, आणि शिंगराला तो तोल सांभाळता येत नाही. म्हणजे पाय ओढण्याची कारणे दोन: भीती आणि तोल. मार देऊन यांपैकी एकही कारण दूर होत नाही.

आता आजच्या भाषणातील मुख्य गोष्ट सांगतो. बाकीचे विसरलात तरी चालेल, पण एवढे ध्यानात ठेवा. पाय आपण किती जोराने धरतो यावरून शिंगरू काही शिकत नाही. आपण तो कोणत्या क्षणी सोडतो, यावरून शिकते. त्याने झटका मारला आणि नेमका त्याच वेळी पाय सुटला, तर ते शिकले की झटका मारला की सुटका होते. ते शांत राहिले आणि त्याच वेळी आपण पाय खाली ठेवला, तर ते शिकले की शांत राहिले की सुटका होते. दोन्ही वेळा शिकवणारे आपणच असतो.

सुरुवात केव्हा व कोठे करावी?

पहिल्या आठवड्यापासून अंगावरून हात फिरवण्यास हरकत नाही. मात्र शिंगरू आजारी, अशक्त असेल किंवा घोडी अंगावर येत असेल तर थोडे थांबावे. दोन-तीन आठवड्यांनी पाय उचलण्याचा पाठ सुरू करावा.

जागा सपाट, कोरडी आणि न निसरणारी असावी. फरशी नको, चिखल नको. आई शिंगराच्या नजरेसमोर असावी. पाठ सकाळ-संध्याकाळ ५ ते १० मिनिटांचा पुरे. एकदाच तासभर झगडण्यापेक्षा रोजची पाच मिनिटे मोलाची.

शिंगराला मोहरकी घालावी, पण खुंटीला घट्ट बांधून पाठ देऊ नये. ते मागे ओढ घेते आणि कोवळ्या मानेला इजा होते. एकाने दोर हाती धरावा व दुसऱ्याने पायाचे काम करावे. दोघांनी एकाच बाजूला उभे राहावे. वेळ आलीच तर दोर धरणाऱ्याने शिंगराचे तोंड आपल्याकडे वळवावे, म्हणजे त्याचा मागचा भाग दोघांपासून दूर जातो. दोर हाताला गुंडाळू नये. पायात चपलेऐवजी बूट असावेत. पायाशी बसून किंवा गुडघा टेकून काम करू नये; वाकून करावे, म्हणजे चटकन बाजूला होता येते. मुलांना हौस असते, पण मागच्या पायाचे काम त्यांच्यावर सोपवू नये.

पहिला टप्पा: हाताची ओळख

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला बरेचसे आजूबाजूचे दिसते, पण अगदी पाठीमागचे आणि नाकपुडीखालचे दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नये. बाजूने, बोलत बोलत खांद्याशी यावे.

मानेच्या मुळाशी, जेथे आयाळ संपते, तेथे बोटांनी खाजवावे. घोडी शिंगराला आणि घोडे एकमेकांना दातांनी तेथेच खाजवतात. ती जागा त्यांना सुखाची असते. शिंगरू मान लांबवते, ओठ हलवते, तेव्हा समजावे की त्याला बरे वाटते आहे. तेथून हात खांद्यावर, खांद्यावरून कोपरावर, मग गुडघ्याकडे न्यावा. कोठेतरी ते अंग चोरील. तेथे हात पुढे दामटू नये आणि झटक्यात काढूही नये. तेथेच हलका ठेवावा. ते एक क्षण स्थिर झाले की हात काढून पुन्हा मानेवर खाजवावे. दुसऱ्या खेपेस हात दोन बोटे खाली जाईल. अशा रीतीने काही दिवसांत हात चारही पायांच्या खुरांपर्यंत पोचतो. डावी बाजू झाली म्हणजे उजवी झाली असे समजू नये. उजवीकडे सारा पाठ नव्याने द्यावा.

मागच्या पायाला स्पर्श होताच जे शिंगरू लाथ झाडते, त्याच्यासाठी हातभर लांब काठीच्या टोकाला सुती चिंधी बांधावी आणि आपण खांद्याशी सुरक्षित उभे राहून त्या चिंधीने पाय चोळावा. लाथ झाडली तरी चिंधी पायालाच राहू द्यावी. पाय स्थिर झाला की काढावी. चिंधी सोसू लागले की मग हात. काठीचा उपयोग फक्त चोळण्यासाठी करावा. त्या काठीने एकदा मार बसला की तिचे काम संपले.

दुसरा टप्पा: पुढचा पाय

शिंगराच्या डाव्या खांद्याशी, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहावे. शिंगरू चारही पायांवर सारखे उभे आहे ना, हे पाहावे. हात खांद्यावरून पायाच्या मागच्या अंगाने खाली न्यावा. खुराच्या वरच्या सांध्याच्या किंचित वर, मागच्या बाजूला दोरीसारख्या कठीण शिरा लागतात. तेथे बोटांनी हलकेच दाबावे आणि “पाय” असा एकच शब्द म्हणावा. रोज तोच शब्द, तोच आवाज. आज “पाय”, उद्या “उचल”, परवा “दे रे” असे केले तर त्याला काही उमगत नाही. घरातल्या सर्वांनी तो एकच शब्द ठरवून घ्यावा.

पहिल्या दिवशी त्याने वजन दुसऱ्या पायावर नुसते झुकवले तरी दाब सोडावा, मान खाजवावी आणि शाबासकी द्यावी. दुसऱ्या दिवशी टाच उचलली तरी पुरे. मग खूर जमिनीपासून चार बोटे वर. एक अंक मोजावा आणि आपण होऊन खाली ठेवावा. पुढे दोन, पाच, दहा अंक. त्याने ओढण्याच्या आधी आपण ठेवणे, यातच कसब आहे. पाय सोडून आदळू देऊ नये. हाताने जमिनीवर टेकवावा.

येथे एक चूक बहुतेक ठिकाणी आढळते. आपण पाय आपल्या सोयीने बाहेर, बाजूला ओढतो. घोड्याचा गुडघा पुढे-मागे वाकतो, बाजूला वाकत नाही. पाय शरीराच्या खालीच, सरळ रेषेत आणि कमी उंचीवर धरावा. शिंगरू ठेंगणे असते, तेव्हा वाकायचे आपणच.

तिसरा टप्पा: मागचा पाय

पुढचे दोन्ही पाय शिंगरू सहज देऊ लागल्यावरच मागचे घ्यावेत. मांडीला अगदी लागून उभे राहावे. हातभर अंतरावर उभे राहणारालाच लाथ पुऱ्या जोराने बसते. एक हात पुठ्ठ्यावर ठेवावा. दुसरा मांडीवरून, ढोपराच्या सांध्यावरून खाली न्यावा आणि पुन्हा तोच शब्द म्हणावा.

मागच्या पायाचे वरचे व खालचे सांधे एकमेकांशी असे जोडलेले असतात की एक वाकला की दुसराही वाकतो. त्यामुळे खूर उचलताच पाय एकदम पोटाकडे वर येतो. नवखा माणूस ती लाथ समजून घाबरतो आणि हात सोडतो. ती लाथ नसते, पायाची रचनाच तशी आहे. क्षणभर पाय पोटाखालीच धरावा, सैल पडू द्यावा आणि मग हळूच मागे न्यावा. सुरुवातीचे काही दिवस मागे न नेता तसाच खाली ठेवला तरी चालेल.

पाय ओढला तर?

ओढणारच. तो शिक्षणाचा भाग आहे. हाताची पकड कुलपासारखी नसावी. पाय हलेल तसा हातही त्याच्याबरोबर हलावा. हिसका संपून पाय क्षणभर सैल पडला की लगेच खाली ठेवावा. पण जोर आपल्या आवाक्याबाहेरचा असेल तर खुशाल सोडून द्यावा. कमरेचे हाड गमावण्यात शहाणपण नाही. पाय सुटला तर ओरडू नये, मारू नये. पुन्हा मानेपासून सुरुवात करावी आणि या वेळी थोडे कमी मागावे. पाच अंकांवर बिनसले तर दोन अंकांवर या. पाठ नेहमी शिंगराला जमलेल्या गोष्टीवर संपवावा.

हरभऱ्याचे चार दाणे किंवा चिमूटभर गूळ बक्षीस म्हणून द्यायला हरकत नाही, पण तो दूध पिणाऱ्या शिंगराला नव्हे, खायला लागलेल्याला; आणि पाय खाली टेकल्यावर. रोज हात हुंगत चावे घेऊ लागले तर बक्षीस बंद करून नुसते खाजवावे.

नालबंदासाठी तयारी

आपल्या हातात पाय देणारे शिंगरू परक्याच्या हातात देईलच असे नाही. म्हणून पाय देऊ लागले की घरातल्या दुसऱ्या-तिसऱ्या माणसाने तोच पाठ द्यावा. तळहाताने खुरावर थोपटावे, नंतर लाकडी ठोकळ्याने हलके ठोके द्यावेत. जुनी कानस खुरावरून एकदोनदा फिरवावी, म्हणजे तिचा आवाज आणि कंप ओळखीचा होईल. पुढचा पाय पुढे ओढून आपल्या मांडीवर टेकवण्याची सवय लावावी. एवढे झाले की नालबंदाचे काम निम्मे होते. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत जाणता गिऱ्हाईक दात पाहतो तसा पायही उचलून पाहतो. चारही पाय निमूट देणाऱ्या जनावराची किंमत तेथे आपोआप बोलते.

नाल मात्र लवकर मारू नये. वाढत्या वयात खूर पसरत असतो. ओझ्याचे आणि कठीण रस्त्याचे काम सुरू होईपर्यंत तासणे पुरेसे असते.

देणारा पाय देईनासा झाला तर

नेहमी पाय देणारा घोडा अचानक देईनासा झाला, तर तो हट्ट नव्हे, निरोप आहे. त्याला कोठेतरी दुखते आहे. आणि दुखणे नेहमी त्याच पायात असते असे नाही. डावा पाय उचलला की भार उजव्यावर येतो; उजवा दुखत असला तर घोडा डावा देणार नाही. म्हणून चारही पाय तपासावेत, खुरांना हात लावून ऊब पाहावी आणि पशुवैद्यकांना दाखवावे.

कधीच पाय न दिलेल्या मोठ्या घोड्यालाही हाच मार्ग आहे, फक्त आठवड्यांच्या जागी महिने लागतील. पिछाडी बांधून, पाय आवळून एखादे दिवशी काम उरकता येते, पण दुसऱ्या वेळी तोच घोडा दुप्पट घाबरलेला असतो. फारच बिथरणाऱ्या जनावराचे तातडीचे काम पशुवैद्यकांकडून गुंगीचे औषध देऊन करून घ्यावे आणि शिक्षण वेगळे, सवडीने चालू ठेवावे.

पाय हाती आल्यावर रोज काय पाहावे?

बोथट टोकाच्या लोखंडी आकडीने टाचेकडून पुढे खूर कोरून साफ करावा. तळव्याच्या मधोमध, मागे रुंद आणि पुढे टोकदार होत जाणारा रबरासारखा त्रिकोणी भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत खडे आणि शेण अडकते. त्या भागाला घाण वास येत असेल, काळा ओलसर स्राव येत असेल, तर खूर कुजू लागला असे समजावे.

येथे माझा मातीचा विषय येतो. काळ्या भारी जमिनीचा चिखल पावसाळ्यात खुरात लुकणासारखा बसतो आणि आठवडाभर सुकत नाही. सतत ओलीत राहिलेला खूर मऊ पडतो व कुजतो. उन्हाळ्यात तोच खूर कोरडा होऊन तडकतो. म्हणून ठाणाला मुरमाचा भर देऊन ते आजूबाजूपेक्षा वीतभर उंच करावे, मूत वाहून जाईल असा उतार द्यावा आणि लीद रोज उचलावी. लीद खड्ड्यात टाकली तर उत्तम खत होते. ठाणावर राहिली तर खुराचा रोग होतो.

खिळा किंवा काटा रुतलेला दिसला तर जागा नीट ध्यानात ठेवून ताबडतोब पशुवैद्यकांना बोलवावे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. वरून लहान दिसणारी जखम जीव घेते. धनुर्वाताची लस पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळेवर टोचून घ्यावी.

बंधू-भगिनींनो, भीमा-नीरेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टांना आता स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद मिळाली आहे. ही जात कागदावर टिकली, पण ती प्रत्यक्ष टिकायची ती आपल्या वाड्यांवरच. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. आज ज्यांच्या ठाणावर शिंगरू आहे, त्यांनी संध्याकाळी पाच मिनिटे काढावीत, त्याच्या मानेवर खाजवावे आणि हात गुडघ्यापर्यंत न्यावा. उद्या दोन बोटे आणखी खाली. आणि ते शांत राहील त्याच क्षणी हात काढावा.